पेठेतून लष्करात

पुण्याच्या पेठा आणि लष्कर, म्हणजे कँटोन्मेंटचा भाग, यांच्यामधील अंतर पायी जाणाऱ्यास फार तर तासाभराचे. तथापि सदाशिव पेठेतील ज्या वाड्यात माझे बालपण गेले, तेथील वडीलधाऱ्यांच्या लेखी लष्कर हा परमुलूखच होता, आणि तिकडे जाणे घडलेच तर ते चष्मा करविण्यासाठी, सायकल घेण्यासाठी किंवा कोणा साहेबाच्या कचेरीत अर्ज देण्यासाठी, एवढ्यापुरतेच घडे. अशा घरातील मुलाने मराठी व संस्कृत घेऊन एम. ए. व्हावे, बी. टी. ची परीक्षा द्यावी, आणि मग नोकरीसाठी अर्ज करावा तो पाद्र्यांच्या शाळेत, ही गोष्ट आमच्या आप्तवर्गात बरेच दिवस चर्चेचा विषय होऊन राहिली. मी रुजू झालो तो सेंट व्हिन्सेंट्स हायस्कूल या येशूसंघीय धर्मगुरूंनी, म्हणजे ज्यांना आपण जेझुइट म्हणतो त्यांनी, चालविलेल्या मुलांच्या शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून. आणि सेवानिवृत्तीचा हुकूम हाती पडेपर्यंत तेथेच राहिलो. त्या शाळेविषयी लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. आता सवड आहे आणि स्मरणही शाबूत आहे.

आप्तांच्या चर्चेला कारण होते. ज्या शहरात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचे प्रकरण, उभे राहिले आणि रानडे-टिळकांसारख्या पुरुषांपुढेही प्रायश्चित्ताचा प्रश्न येऊन ठेपला, त्या शहराच्या मनातून पाद्र्यांविषयीची धास्ती दोन पिढ्यांत निघून जाणे शक्य नव्हते. पंचहौद मिशन अँग्लिकन पंथाचे, आमची शाळा कॅथलिकांची. पण पेठेच्या दृष्टीने पाद्री तेवढे एकच. चुलत्यांनी, "शिकवायला आपल्या शाळा काय कमी आहेत?" असे विचारले. वडील मात्र न्यू इंग्लिश स्कूलचे जुने विद्यार्थी, त्या संस्थेचा इतिहास तोंडपाठ असलेले. ते म्हणाले, "जेझुइटांचीच शाळा ना? मग जा. आपल्या लोकांनी शाळा काढली तेव्हा त्याग म्हणून दाखला द्यायचा तो ह्याच लोकांचा."

वडिलांचे म्हणणे साधार होते, हे मला पुढे वाचनात आढळले. १८८० मध्ये चिपळूणकर-टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, आणि तिच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षे अल्प वेतनावर, अन्य अर्थार्जन न करता, अध्यापन करावे असा जो संकल्प झाला, त्या संकल्पामागे येशूसंघीयांच्या अकिंचन राहणीचा आदर्श उभा होता; आजीव सदस्याने बाहेरचे उत्पन्न घ्यावे की न घ्यावे, या वादातून टिळक १८९० मध्ये सोसायटीतून बाहेर पडले, तेव्हाही तोच आदर्श वादात आला होता. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी महिना ७५ रुपयांवर जी वर्षे सोसायटीच्या फर्ग्युसन कॉलेजात काढली, ती कथा पुण्यातील प्रत्येक शिक्षकास ठाऊक असते. म्हणजे पेठेतील राष्ट्रीय शिक्षणाची परंपरा आणि लष्करातील पाद्र्यांची परंपरा, या दोन्ही एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या असल्या तरी शिक्षकाने काय सोडले पाहिजे याविषयी त्यांचे एकमत होते. माझ्या नोकरीचा सारा काळ मी या दोन परंपरांच्या मध्ये सायकलने ये-जा केली, असे म्हटले तर ते वस्तुस्थितीला धरूनच होईल. लक्ष्मी रस्त्याने पूर्वेकडे निघावे, क्वार्टर गेटापाशी सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या सैन्यातील कॅथलिक शिपायांसाठी दिलेल्या जागेवरचे, १७९२ चे, सिटी चर्च ओलांडावे, आणि लष्कराच्या सरळ, झाडांनी झाकलेल्या रस्त्यांना लागावे, असा तो रोजचा मार्ग होता. पेशवाईच्या अखेरच्या काळात पेशव्यांनीच देवळाला जमीन दिली, ही एवढी गोष्ट आमच्या चुलत्यांना कोणी सांगितली असती, तर कदाचित त्यांची धास्ती थोडी कमी झाली असती.

शाळेची स्थापना १८६७ ची. त्याच वर्षी मुंबईत प्रार्थना समाज निघाला, आणि त्याच सुमारास पुण्यात डेव्हिड ससून यांच्या दातृत्वातून ससून रुग्णालय आणि लाल देऊळ म्हणून ओळखले जाणारे ओहेल डेव्हिड सिनेगॉग ही दोन्ही कामे पुरी झाली. भोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये तयार होऊन मुंबई व पुणे सलग जोडली गेली होती, लष्कराची वस्ती वाढत होती, आणि १८५४ च्या वुडच्या खलित्याने, शाळा कोणत्या धर्माच्या माणसांनी काढली हे न पाहता तेथील लौकिक शिक्षण पाहून सरकारी अनुदान द्यावे, असे धोरण घालून दिले होते. त्यापूर्वी पुण्यातील कॅथलिक धर्मगुरूंचे काम मुख्यतः आयरिश पलटणींच्या सेवेचे. अनुदानाची वाट मोकळी झाल्यावर त्या सेवेला शाळेची जोड मिळाली. या अनुदानपद्धतीचा इतिहास रुक्ष वाटतो, आणि शाळांच्या स्मरणिकांत त्याला जागा मिळत नाही. परंतु एखादी शाळा का निघाली याचे उत्तर जसे संस्थापकाच्या हृदयात असते तसे ते सरकारी दप्तरातही असते, आणि दोन्ही ठिकाणी पाहिल्याखेरीज ते पुरते हाती लागत नाही.

जे लोक ही शाळा चालवावयास आले ते कोण होते, हा प्रश्न मला या सर्व इतिहासात सर्वांत अधिक खोल वाटत आला आहे. ते होते जर्मन व स्विस. स्वित्झर्लंडमध्ये १८४७ चे यादवी युद्ध झाले, त्यात कॅथलिक परगण्यांचा पराभव झाला, आणि १८४८ च्या राज्यघटनेने येशूसंघावर बंदी घातली. १८७४ च्या सुधारित घटनेने ती बंदी अधिक कडक करून, या संघाच्या कोणाही सदस्यास चर्चमध्ये वा शाळेत कोणतेही कार्य करता येणार नाही, असे स्पष्ट शब्दांत लिहिले. जर्मनीत बिस्मार्कच्या राजवटीने १८७२ मध्ये असाच कायदा करून त्यांना हद्दपार केले. तेव्हा ज्यांना स्वतःच्या देशात एखाद्या मुलाला बाराखडी शिकविणेही कायद्याने मना होते, अशी माणसे समुद्र ओलांडून पुण्याच्या लष्करात येऊन, दुसऱ्यांच्या मुलांना बीजगणित व लॅटिन शिकवीत होती. वनवासातही आपले विहित कर्म न सोडणाऱ्या माणसांच्या कथांवर आपण वाढलो. तशी माणसे मी प्रत्यक्ष पाहिली ती या शाळेत.

त्यांचे दैव एवढ्यावर थांबले नाही. पहिले महायुद्ध पेटताच येथील जर्मन धर्मगुरू शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले, आणि नंतर जहाजात बसवून युरोपात परत धाडण्यात आले. म्हणजे ज्या देशाने त्यांच्या संघाला बंदी केली होती त्याच देशाकडे, कारण जर्मनीतील तो कायदा १९१७ पर्यंत पुरता उठला नव्हता. पुण्याचे बिशप हेन्री डोअरिंग यांची हकीगत तर कादंबरीत घातली तर कोणी खरी मानणार नाही. केंदळ या नगर जिल्ह्यातील खेड्यात राहून या जर्मन गृहस्थाने १९०३ मध्ये 'निरोप्या' हे मराठी मासिक काढले, जे आजही चालू आहे. १९०७ मध्ये ते पुण्याचे बिशप झाले. युद्धामुळे त्यांना आपल्या धर्मप्रांतात परतता येईना. १९२१ मध्ये त्यांची नेमणूक जपानात हिरोशिमास झाली. आणि १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्यास आले. नेमणूक कोठेही होवो, तक्रार न करता निघावयाचे, हे आज्ञापालनाचे व्रत. आमच्यासारख्या, एका पेठेतून दुसऱ्या पेठेत बिऱ्हाड हलविताना आठ दिवस हळहळणाऱ्या माणसांना त्या व्रताची कल्पना यावयास वेळ लागतो.

मी लागलो तेव्हा शाळेत भारतीय धर्मगुरूंचा भरणा होऊ लागला होता, पण दुसऱ्या महायुद्धापूर्वी आलेले एक वृद्ध स्विस फादर अजून शिकवीत होते. उंच, किंचित वाकलेले, पांढऱ्या झग्याच्या बाह्यांवर खडूची भुकटी कायमची बसलेली. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेचे कपाट त्यांच्या ताब्यात असे, आणि त्या कपाटातील प्रत्येक भिंगाला, प्रत्येक लोलकाला त्यांनी मऊ फडक्याची एक-एक पिशवी शिवून ठेवली होती. शाळा सुटल्यावर ते व्हरांड्यातल्या बाकावर बसून चष्मा कपाळावर चढवीत आणि सुईत दोरा ओवीत. एकदा मी म्हणालो, "फादर, एवढ्यासाठी शिंपी लावता येईल." ते त्यांच्या ठसठशीत उच्चारांच्या मराठीत म्हणाले, "शिंप्याला ही काच कोणत्या मुलाच्या हातात जाणार हे ठाऊक नाही. मला ठाऊक आहे."

त्या शाळेचे ध्येय काय, असे मला कोणी विचारले, की मला हे उत्तर आठवते. येशूसंघाच्या परिभाषेत एकेका व्यक्तीची स्वतंत्र काळजी घेणे हे शिक्षणाचे सूत्र म्हणून सांगितले जाते. सूत्रे पुष्कळ संस्थांजवळ असतात. येथे ते कामकाजाच्या पद्धतीत उतरले होते. नव्या शिक्षकाला प्रिन्सिपॉल फादर पहिल्या दिवशी हजेरीपट देत, आणि पंधरवड्याच्या आत प्रत्येक मुलाचे नाव, तो राहतो कोठे, घरात कोणती भाषा बोलतात आणि वडील काय करतात एवढे शिक्षकाला सांगता आले पाहिजे, अशी त्यांची अपेक्षा असे. मग ते एखाद्या दिवशी मधल्या सुट्टीत मैदानात आपल्याशेजारी येऊन उभे राहत आणि धावणाऱ्या मुलांपैकी एकाकडे बोट दाखवून, "हा कोण?" एवढेच विचारीत. नुसते नाव सांगितले तर ते पुढचे ऐकण्यासाठी थांबून राहत.

लष्करातील मुलांच्या बाबतीत ही माहिती मिळविणे हे एक शिक्षणच होते. माझ्या पहिल्या वर्गात गोव्याकडच्या बँडवाल्यांची मुले होती, सोलापूर बाजारातल्या तमिळ कुटुंबांतली होती, इराणी हॉटेलवाल्याचा मुलगा होता, बोहरी लोखंडवाल्याचा होता, घोरपडीच्या रेल्वे वसाहतीतले अँग्लो-इंडियन होते, वानवडीतल्या सुभेदाराचा मराठा मुलगा होता, आणि एका बंगल्यावर स्वयंपाक करणाऱ्या गृहस्थाचा होता. या शेवटच्या मुलाला नादारी, म्हणजे फीची माफी, होती. नादारीच्या व्यवहाराविषयी येथे थोडे विस्ताराने लिहितो, कारण शाळेची खरी परीक्षा तेथे होते असे माझे मत आहे. मी विद्यार्थी होतो तेव्हा फीच्या दिवशी वर्गात नावे पुकारीत, आणि नादार मुलाचे नाव आले की शिक्षक 'नादार' असे मोठ्याने म्हणत. त्या एका शब्दाबरोबर पुढच्या बाकांवरच्या माना मागे वळत, हे मी पाहिले आहे. येथे तसे नव्हते. प्रत्येक मुलाला फीचे कार्ड सारखेच मिळे. प्रत्येकाने ते ठरलेल्या दिवशी कचेरीच्या खिडकीत द्यावयाचे आणि शिक्का घेऊन परत यावयाचे. ज्याने पैसे भरले त्याच्या कार्डावर जो शिक्का, तोच ज्याने भरले नाहीत त्याच्याही कार्डावर. कोणाला किती माफी आहे ही नोंद प्रिन्सिपॉलांच्या टेबलाच्या खणातील वहीत असे, आणि ती वही कारकुनाच्याही हाती जात नसे. वर्गशिक्षक असूनही माझ्या वर्गात नादार किती, हे मला कधी अधिकृतपणे कळले नाही; जे कळले ते मुलांच्या घरी गेल्यामुळे कळले.

अध्यापनाच्या बाबतीत या लोकांपाशी एक जुना वारसा होता. १५९९ मध्ये येशूसंघाने आपल्या सर्व शाळांसाठी अभ्यासक्रमाचा व अध्यापनपद्धतीचा एक नियमग्रंथ सिद्ध केला, आणि त्यातील काही रीती माझ्या काळापर्यंत टिकून होत्या. त्यांपैकी एक मी मनापासून उचलली. नवा पाठ मुलांना घरून वाचून आणा असे सांगण्यापूर्वी शिक्षकाने तो स्वतः मोठ्याने वाचावा, त्याचा आशय थोडक्यात सांगावा, अवघड स्थळे एक-एक करून उलगडावीत, आणि मगच तो मुलांच्या स्वाधीन करावा. दुसऱ्या दिवशी नवीन काही आरंभण्यापूर्वी आदल्या दिवशीचे मुलाने आपल्या शब्दांत पुन्हा सांगावे. लॅटिनसाठी घडविलेली ही रीत मी मोरोपंतांच्या आर्यांना लावली, आणि ज्या मुलांच्या घरात मराठीचा एक शब्द उच्चारला जात नसे तीही मुले अन्वय लावू लागली, कारण अपरिचित भाषेच्या दारात मुलाला एकटे उभे करावयाचे नाही हेच त्या रीतीचे मर्म आहे. त्याच ग्रंथातील दुसरी एक रीत, प्रत्येक मुलाला एक प्रतिस्पर्धी नेमून देऊन दोघांना परस्परांच्या चुका काढावयास लावण्याची, मला कधी मान्य झाली नाही. चुरशीने हुशार मुलगा अधिक हुशार होतो, पण मागचा मुलगा अधिकच मागे सरकतो. हे मी फादरांशी अनेकदा बोललो, त्यांनी ते ऐकून घेतले, आणि माझ्या वर्गात मला हवे तसे करू दिले.

इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मराठीला मिळणाऱ्या स्थानाबद्दल मात्र मला स्पष्ट लिहिले पाहिजे. तो विषय दुपारच्या शेवटच्या तासांना ढकलला जातो, पालक त्याला उत्तीर्ण होण्यापुरती किंमत देतात, आणि मुले ती किंमत घरून शिकून येतात. एखाद्या शाळेचा हा दोष नव्हे. ज्या शहरात राहावयाचे त्या शहराची भाषा नोकरांशी बोलण्यापुरती आली म्हणजे झाले, अशी समजूत एका संपूर्ण वर्गाने करून घेतली, तिचे हे फळ आहे. माझी सारी नोकरी या समजुतीशी झगडण्यात गेली, आणि या झगड्यात मला सर्वांत मोठे साहाय्य झाले ते एका येशूसंघीयाचेच. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ मध्ये गोव्यास आला, साष्टीत राहिला, तेथील लोकांची भाषा त्याने आत्मसात केली, आणि १६१६ मध्ये त्याचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. छपाई रोमी लिपीत, पण वाणी ज्ञानेश्वर-एकनाथांच्या कुळातली. शांताराम बंडेलू यांनी त्याची देवनागरी आवृत्ती पुण्यातूनच १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. ती प्रत मी वर्गात नेली आणि मराठीच्या प्रशंसेचा भाग मुलांपुढे वाचला. परदेशातून आलेल्या माणसाने, ज्याला या भाषेत बोलण्याची कोणीही सक्ती केली नव्हती त्याने, तिच्यावर एवढे प्रेम करावे, ही गोष्ट मुलांच्या मनाला भिडली. त्या तासानंतर एका अँग्लो-इंडियन मुलाने मला विचारले, की या माणसाला मराठी शिकविणारा शिक्षक कोण होता. मला उत्तर ठाऊक नव्हते. त्या शिक्षकाचे नाव इतिहासाने राखून ठेवलेले नाही. पण असा कोणीतरी असणारच, साष्टीतला कोणी शास्त्री वा पुराणिक. आणि पुढे लष्करात सायकल हाकताना त्या अनामिकाची आठवण मला पुष्कळदा बळ देऊन गेली.

धर्मांतराविषयी मला आप्तांनी विचारले, विद्यार्थ्यांच्या पालकांनी विचारले, आणि आजही विचारतात. माझा अनुभव असा, की कॅथलिक मुले धर्मशिक्षणाच्या तासाला जात तेव्हा इतर मुलांना नीतिपाठाचा तास असे, आणि तो तास कित्येक वर्षे माझ्याकडे होता. त्यात मी काय शिकवावे याविषयी मला कोणी आज्ञा केली नाही. मी ज्ञानेश्वर सांगितला, सॉक्रेटिस सांगितला, गाडगेबाबा सांगितले. वह्यांच्या पानावर मुले वरच्या बाजूस 'ईश्वराच्या अधिकाधिक गौरवासाठी' या अर्थाची लॅटिन आद्याक्षरे लिहीत, कारण ती येशूसंघीय शाळांची जुनी चाल. त्याच पानावर सुभेदारांचा मुलगा डाव्या कोपऱ्यात 'श्री' लिही, आणि बोहरी मुलगा आपल्या परंपरेचा अंक लिही. तपासताना मी तिन्ही पाहत असे. कोणीही कोणाचे खोडावयास सांगितले नाही.

शिवाय काळही बदलत होता. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मिस्सा ही कॅथलिकांची मुख्य उपासना लोकभाषेत होऊ दिली, आणि इतर धर्मांतील सत्याविषयी आदराने बोलण्याची आज्ञा दिली. पुण्यात त्या परिषदेची वाट न पाहता काही येशूसंघीय आधीच निघाले होते. गी देलरी हे फ्रेंच येशूसंघीय पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालत गेले, त्यांनी तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले, आणि विठोबाच्या उपासनेवरचा त्यांचा प्रबंध १९६० मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. मॅथ्यू लेडर्ली या जर्मन येशूसंघीयांनी शनिवार पेठेत स्नेहसदन उभे करून महाराष्ट्रातील तत्त्वचिंतनाचा अभ्यास मांडला. शनिवार पेठेत पाद्री राहावयास आले आणि पेठ त्यांच्याकडे व्याख्यानास जाऊ लागली, तेव्हा माझ्या चुलत्यांनीच माझ्याकडे त्यांची चौकशी केली, आणि एका संध्याकाळी ते माझ्याबरोबर तेथे आलेही.

१९७३ हे वर्ष मी विसरू शकत नाही. मे महिन्यात स्वित्झर्लंडच्या जनतेने सार्वमताने येशूसंघावरील ती जुनी बंदी उठविली. शंभरावर वर्षे घटनेत बसलेले कलम गेले. बातमी आली तेव्हा स्टाफरूममध्ये आम्ही त्या वृद्ध फादरांचे अभिनंदन केले. ते आमच्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "आता तिकडे कोणी तरुण जाईल. माझे पेपर तपासायचे राहिले आहेत." पुढे जुलैमध्ये येशूसंघाचे प्रमुख फादर पेद्रो अरूपे यांनी स्पेनमधील वालेन्सिया येथे आपल्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांपुढे भाषण केले. हे तेच अरूपे, जे १९४५ मध्ये अणुबाँब पडला तेव्हा हिरोशिमाजवळच्या आश्रमात होते आणि ज्यांनी जळालेल्या माणसांची शुश्रूषा केली. आम्ही तुम्हांला न्यायासाठी पुरेसे शिक्षण दिले का, असा प्रश्न त्यांनी केला आणि नाही असे उत्तरही स्वतःच दिले. जो दुसऱ्यांसाठी जगतो असा माणूस घडविणे हेच आमच्या शाळांचे काम, असे त्यांनी सांगितले. पुष्कळ माजी विद्यार्थी त्या भाषणाने रुष्ट झाले. ज्या शाळांनी बॅरिस्टर, सेनाधिकारी आणि कारखानदार दिले, त्या शाळांच्या प्रमुखानेच असे बोलावे, हे त्यांना रुचले नाही.

आमच्याकडे त्या भाषणाचा अर्थ लागावयास फार दूर जावे लागले नाही. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रावर पसरला होता, आणि नगर जिल्ह्यातील येशूसंघीय दुष्काळी कामांत गुंतले होते. त्यांतले फादर हर्मन बाखर या स्विस गृहस्थांनी पुढे पाणलोटक्षेत्र विकासाचे जे मोठे कार्य उभे केले, त्याची मुळे त्याच कोरड्या जमिनीत आहेत. आम्ही वरच्या वर्गातील काही मुलांना घेऊन तेथे गेलो. पालकांपैकी काहींनी आक्षेप घेतला. परीक्षेच्या वर्षी मुलांनी खडी फोडणाऱ्या बायका पाहावयास जाऊन काय मिळवावयाचे, असे एका गृहस्थांनी सभेत विचारले. प्रिन्सिपॉल फादरांनी त्यांना उत्तर दिले, "आपला मुलगा उद्या इंजिनियर होईल. त्या वेळी रस्ता कोण बांधते हे त्याने आज पाहिलेले बरे." मुले गेली, दोन दिवस राहिली, त्यांनी खडी वाहिली, भाकरी खाल्ली आणि तळहात सोलून घेऊन परत आली.

परत आल्यावर मी त्यांना निबंध लिहावयास सांगितला. तोपर्यंत त्यांचे मराठी निबंध म्हणजे मार्गदर्शक पुस्तकांतून उचललेले सूर्योदय आणि नदीकाठ असत. ज्यांनी पावसाळ्यात मुठेचा पूर कधी थांबून पाहिला नाही अशी मुले नदीच्या मंजुळ गाण्याविषयी दोन पाने लिहीत. या वेळी तसे झाले नाही. एका इराणी हॉटेलवाल्याच्या मुलाने, ज्याला व्याकरणातील लिंगविचारात नेहमी गुण कमी पडत, लिहिले की कामावरच्या बाईने पाण्याची कळशी आधी त्याला दिली, आणि मग त्याला कळले की ती कळशी तिच्या सबंध दुपारची होती. वाक्यात तीन चुका होत्या. मी त्या लाल शाईने दुरुस्त केल्या आणि निबंध वर्गात वाचून दाखविला.

त्या वर्षापासून मी ठरीव विषय देण्याचे सोडले. प्रत्येक मुलाने लष्करात काम करणारा एक माणूस निवडावयाचा, त्याच्याकडे दोन-तीनदा जावयाचे, त्याच्याशी मराठीतच बोलावयाचे, आणि त्याच्या कामाविषयी लिहावयाचे. बेकरीत पहाटे तीनला भट्टी लावणारा, लाल देवळाचा राखणदार, शिवाजी मार्केटात मासे साफ करणारी कोळीण, लग्नात क्लॅरिनेट वाजविणारा आणि एरवी घड्याळे दुरुस्त करणारा म्हातारा, पुलगेटावरचा हमाल, असे किती तरी लोक त्या वह्यांतून माझ्याकडे आले. कोणत्या शब्दाला ते लोक काय म्हणतात हे मुलांनी विचारून यावयाचे असे, आणि त्यामुळे भट्टीची, जाळ्याची, वाद्यांची पुष्कळ मराठी मला माझ्या विद्यार्थ्यांकडून शिकावयास मिळाली. परीक्षेत याचा उपयोग काय, असे तपासनिसांनी एकदा विचारले. मी त्यांच्यापुढे त्याच वर्षीच्या वह्यांचा गठ्ठा ठेवला, आणि ते जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी वाचीत बसले. माझ्यानंतर माझ्या जागी आलेल्या शिक्षिकेने हा पाठ चालू ठेवला आहे. गेल्या वर्षी तिच्या वर्गातील एका मुलाने ससूनच्या शवागारात काम करणाऱ्या माणसाविषयी लिहिले, आणि तिने ती वही मला वाचावयास आणून दिली.